स्पोर्ट्स कारची घरगुती दुरुस्ती : सुट्या भागांच्या शोधाचा इतिहास

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेल्या माणसाला अनुभवी मालक वेगाबद्दल फारसे विचारत नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न असतो : हिचे पार्ट मिळतात का, आणि दुसऱ्या कुठल्या गाडीचे हिला चालतात? प्रश्न रुक्ष वाटतो, पण घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांचे ज्ञान गेली पाऊणशे वर्षे याच प्रश्नाभोवती साठत आले आहे. पाना कसा धरायचा हे कोणीही शिकवेल. कशाला काय बसते हे कारखान्यांनी क्वचितच सांगितले. ते मालकांनी एकमेकांना सांगितले.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धानंतरची. ब्रिटनला परकीय चलनाची निकड होती आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांनाच पोलाद आधी मिळे. एमजी कंपनीची टीसी ही छोटी दोन आसनी गाडी १९४५ ते १९४९ या काळात सुमारे १०,००० इतकी बनली, त्यातल्या जवळपास २,००० अमेरिकेत गेल्या. सगळ्यांचे स्टीअरिंग उजवीकडे. तिथल्या गॅरेजांना ही गाडीच अनोळखी होती, आणि बॉनेट उघडल्यावर तर मेकॅनिकचा पाना नटावर बसतच नसे. त्यामागे एक मजेशीर कारण आहे. टीसीचे एक्सपीएजी इंजिन मॉरिसच्या कोव्हेंट्रीच्या कारखान्यात बनत असे. तो कारखाना पूर्वी हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता, त्यामुळे तिथली यंत्रे मेट्रिक आटे पाडत. ब्रिटिश मेकॅनिकला स्वतःचे पाने वापरता यावेत म्हणून बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाची ठेवली. म्हणजे डोके एका पद्धतीचे, आटे दुसऱ्या. बाजारातून डोक्याच्या मापावरून बोल्ट आणून घट्ट पिळला की ब्लॉकचे आटे गेलेच. ‘बोल्ट बदलण्याआधी आटे मोजा’ हा सल्ला अशा अनुभवांतून आला, आणि तो आजही तितकाच खरा आहे.

या अडचणीतूनच खास पार्ट पुरवणारे उभे राहिले. लॉस एंजेलिसला १९४८ मध्ये सुरू झालेले मॉस मोटर्स आधी अशा ब्रिटिश गाड्यांची दुरुस्ती करणारे दुकान होते. पुढे पार्टचा व्यापार हाच त्यांचा मुख्य धंदा झाला. मालकांचे क्लबही याच कामाला लागले. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या पोर्शे क्लब ऑफ अमेरिकाच्या ‘पॅनोरमा’ मासिकात सदस्य दुरुस्तीचे लेख लिहीत, आणि नंतर त्या लेखांचे संग्रहही निघाले.

स्पोर्ट्स कार घरी दुरुस्त करता आली ती तिची रचना फार सोपी होती म्हणून, असे अनेकदा म्हटले जाते. मला ते अपुरे वाटते. खरे कारण हे की तिचे बरेचसे अवयव साध्या गाड्यांचे होते. १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटचे ९४८ सीसीचे इंजिन ऑस्टिन ए३५ च्या घराण्यातले, स्टीअरिंगची रॅक मॉरिस मायनरची. ट्रायम्फ टीआर२ च्या इंजिनाचे मूळ स्टँडर्ड व्हॅनगार्ड या कुटुंबाच्या गाडीत होते, आणि त्याच जातीचे इंजिन फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरलाही लागत असे. सुरुवातीच्या पोर्शे ३५६ मध्ये फोक्सवॅगन बीटलचे कितीतरी भाग होते. बंपरपासून डॅशबोर्डपर्यंत गाडी वेगळी दिसली, तरी आतला वॉटर पंप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे. ज्या गाड्यांना असे नातेवाईक नव्हते, त्यांची दुरुस्ती तेव्हाही श्रीमंतांचेच काम होते.

लोटस सेव्हनने तर गाडी जोडण्याचे कामच मालकाच्या हाती दिले. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून १९५७ पासून ही गाडी खोक्यांतून घरी येऊ लागली. जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर करसवलत जाई. त्यावर लोटसने गाडी सुटी करण्याच्या सूचना दिल्या आणि मालकांनी त्या शेवटाकडून सुरुवातीकडे वाचल्या. १ एप्रिल १९७३ ला खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सोय संपली. पण तोवर स्वतःच्या गाडीचा प्रत्येक बोल्ट ओळखणारी एक पिढी तयार झाली होती.

लेखी मार्गदर्शनाला कलाटणी मिळाली ती जॉन हेन्स यांच्यामुळे. ब्रिटिश हवाई दलात, आजच्या येमेनमधल्या एडनला असताना, १९६५ मध्ये, त्यांनी एका सहकाऱ्याला स्प्राइटचे इंजिन खोलून पुन्हा जोडायला मदत केली. कारखान्याचे मॅन्युअल प्रशिक्षित मेकॅनिकसाठी लिहिलेले होते. घरच्या माणसाला त्याचा उपयोग होईना. हेन्स यांनी काम करता करता प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले. १९६६ मध्ये स्प्राइटचे मॅन्युअल निघाले आणि त्याच्या ३,००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. गाडी खरोखर खोलून मग लिहायचे, ही शिस्त त्यातून रूढ झाली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण गंजलेला बोल्ट आधी कुठे अडतो हे नुसती आकृती पाहून कळत नाही.

त्या काळातले काही सल्ले इतके नेमके आहेत की ते सांगणाऱ्यांविषयी आदर वाटतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या एसयू कार्बोरेटरचेच घ्या. त्यातल्या पिस्टनची हालचाल सावकाश ठेवणाऱ्या डॅशपॉटमधले पातळ ऑइल संपले की अॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर अडखळते. मालक प्लग बदलतो, पॉइंट बदलतो, आणि दोष चमचाभर ऑइलचा निघतो. मिश्रण तपासायचे तर इंजिन आयडलिंगवर ठेवून कार्बोरेटरचा पिस्टन अगदी किंचित उचलायचा. फेरे वाढून तसेच राहिले तर पेट्रोल जास्त, इंजिन मंदावून बंद पडू लागले तर कमी, आणि जरासे वाढून पुन्हा पूर्ववत झाले तर बरोबर. दोन कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, हे रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींच्या फुसफुशीवरून ठरवायचे. महागडे उपकरण एकही नाही.

पुढे कारखानेच बंद होऊ लागले. एमजीचा अॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये थांबला. तिथल्या एमजीबी या स्पोर्ट्स कार पाच लाखांहून अधिक बनल्या होत्या, त्यांचे पत्रे गंजत होते आणि नवे मिळत नव्हते. तेव्हा ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ साचे आणि यंत्रसामग्री शोधून गोळा केली आणि १९८८ पासून एमजीबीचा पत्र्याचा संपूर्ण सांगाडा पुन्हा बाजारात आणला. पण प्रत्येक भागाचे असे भाग्य नव्हते. नकला आल्या : प्लगांना वीज वाटणारे पण लवकर तुटणारे रोटर आर्म, वर्षभरात भेगाळणारे रबरी बुश. तेव्हापासून सल्ल्याचा रोख बदलला. ‘कसे बसवायचे’ याच्या जोडीला ‘कोणाचे घ्यायचे’ आले. जुना भाग लगेच टाकून देऊ नका, नवा टिकतो हे पटेपर्यंत जपून ठेवा, हे सांगणे त्या काळातले.

इटली आणि जर्मनीच्या गाड्यांत प्रश्न हात कुठवर पोहोचतो याचा होता. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळती ठेवणारा पट्टा) बदलायला इंजिन बाहेर काढावे लागे; १९९९ च्या ३६० मध्ये ते आसनांमागचे झाकण उघडून करता येऊ लागले. १९८९ ची माझदा एमएक्स-५ आली ती ब्रिटिश गाडीचा साधेपणा आणि जपानी टिकाऊपणा घेऊन, आणि घरी काम करणाऱ्यांना नवी लाडकी गाडी मिळाली.

मालकांच्या सामूहिक ज्ञानाचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र पोर्शेचे. १९९७ ते २००८ दरम्यानच्या बहुतेक बॉक्सस्टर आणि ९११ मध्ये क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या मधल्या शाफ्टच्या एका टोकाला बंद बॉल बेअरिंग होते. त्याचे सील गेले की इंजिन ऑइल आत शिरते, ग्रीस धुऊन जाते, बेअरिंग झिजते. ते तुटले की टायमिंग हलते, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपते. मालकांनी लक्षणे जमवली. प्रत्येक ऑइल बदलताना फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूची चमक दिसते का पाहायचे. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरलाच आहे तर त्याच वेळी बेअरिंगही बदलायचे, कारण तिथवर पोहोचण्याचा निम्मा रस्ता झालेला असतो. शेवटच्या वर्षांतल्या इंजिनांत बेअरिंग मोठे आहे, पण क्रँककेस उघडल्याशिवाय ते निघत नाही. म्हणून कोणत्या क्रमांकाचे इंजिन आहे हे आधी पाहणे आले. अमेरिकेत यावरून झालेल्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली, तीही काही ठरावीक वर्षांच्या गाड्यांपुरती.

कायद्याची बाजूही याच काळात आकार घेत होती. बाहेरचा पार्ट वापरला एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येणार नाही, हे तत्त्व अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने आणले. १९९६ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला ओबीडी-२ या दोष वाचण्याच्या ठरावीक पद्धतीचे सोळा पिनांचे सॉकेट सक्तीचे झाले, त्यामुळे दोषाचे कोड कोणालाही वाचता येऊ लागले. वाचणे सुटले, पण बदलणे नाही. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी पॅड दाबणारा कॅलिपर सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो, आणि अनेक गाड्यांत त्याला संगणक लागतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना देणे कंपन्यांना बंधनकारक केले. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी गाडीतून बिनतारी जाणाऱ्या माहितीवरही तोच हक्क मागितला.

गेल्या काही वर्षांत कंपन्या स्वतः जुन्या गाड्यांकडे वळल्या आहेत. निसानने २०१७ मध्ये आर३२ जीटी-आरचे भाग पुन्हा बनवायला घेतले, टोयोटाने २०२० मध्ये सुप्राचे. पोर्शेने ९५९ च्या क्लचचा रिलीज लिव्हर त्रिमितीय छपाईने बनवला. त्या गाड्याच मुळात तीनशेच्या आत होत्या, साचा करणे परवडलेच नसते. अशा जुळवाजुळवीने धातूचा आणि प्लास्टिकचा प्रश्न हळूहळू सुटतो आहे. इंजिनाचा संगणक तसा छापता येत नाही. नव्वदीच्या सुरुवातीच्या मित्सुबिशी एक्लिप्सच्या संगणकातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गळतात आणि त्यातले द्रव सर्किटचे तांब्याचे मार्ग खाते, हे मालकांना चांगलेच ठाऊक आहे. त्यावरचा उपायही त्यांच्यातूनच आला : गाडी चालत असतानाच संगणकाचे झाकण उघडून पाहायचे, गळती दिसली नाही तरी कपॅसिटर नवे बसवून घ्यायचे, आणि त्याच क्रमांकाचा एक जादा संगणक भंगारातून मिळाला तर तो घेऊन ठेवायचा.