किक अडलीय की इंजिन?

जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस आठवडाभर लागून राहिला, मोटरसायकल अंगणात भिजत पडली, की एखाद्या सकाळी किक खालीच जात नाही. दोन्ही पायांनी तिच्यावर उभं राहणं हा सगळ्यांत महागडा उपाय. आधी मागच्या चाकाला विचारा.

चावी बंद, गाडी मेन स्टँडवर. स्पार्क प्लग काढा, टॉप गिअर टाका, चाक हातानं पुढं फिरवा. चेन ढिली असते, म्हणून सुरुवातीची थोडी हालचाल धरू नका. त्यापुढंही चाक फिरलं आणि प्लगच्या भोकातून हवा फुसफुसली, तर इंजिन मोकळं आहे. अजिबात हललं नाही, तर पिस्टन जाम असण्याची शक्यता. गाडी मेस्त्रीकडं न्या.

भोकातून हवेऐवजी पिचकारी आली तर? ९७.२ सीसीच्या इंजिनात पिस्टन वर पोचला की जेमतेम ११-१२ सीसी जागा उरते, म्हणजे दोन-अडीच चहाचे चमचे. हवा दबते, द्रव दबत नाही. तेवढ्यानंच किक दगडासारखी अडते. पेट्रोलचा कॉक चालू राहिला आणि कार्बोरेटरची फ्लोट नीडल, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई, गळत असली, की पेट्रोल इंजिनात उतरतं. पुराच्या पाण्यातून गाडी काढली, तर एअर फिल्टरमधून पाणी. अशा वेळी सेल्फ मारला, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग बाहेर ठेवून सगळं निथळू द्या, जवळ बिडी-काडी नको. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास आला किंवा ते दुधाळ दिसलं, तर बदलाच.

इंजिन मोकळं, तरी किक अडते? कधीकधी गिअरच्या दातावर दात बसलेला असतो. गिअरमध्ये गाडी वीतभर ढकला, न्यूट्रल करून हलकी किक मारा. चिकोडी-निपाणीकडची काळी माती किकच्या दांडीच्या सांध्यात वाळली की विटेसारखी घट्ट होते. तारेच्या ब्रशनं खरवडा, डिझेल सोडा, सांधा हलवत राहा, मग ग्रीस भरा. गाडी उजवीकडं पडली असेल, तर दांडी वाकून फूटरेस्टला घासत नाही ना, तेही बघा.

खाली गेलेली किक वरच येत नसेल, तर दांडी काढून ती ज्यावर बसते तो नुसता शाफ्ट फिरवून बघा. तो आपसूक मागं आला, तर दोष दांडीत. लुळा पडला, तर आतली रिटर्न स्प्रिंग तुटलीय किंवा सुटलीय. काही इंजिनांत क्लच कव्हर उघडून भागतं, काहींत क्रँककेस, म्हणजे इंजिनची खालची पेटीच, उघडून दोन भाग करावी लागते. घरी हात घालू नका.

दांडी काढताना बोल्ट नुसता सैल करून चालत नाही. तो शाफ्टच्या खाचेत बसलेला असतो, पूर्ण बाहेर काढावा लागतो. बसवताना घट्ट आवळा आणि चार-पाच किकांनंतर पुन्हा एकदा पाना लावा. ढिली दांडी शाफ्टचे दाते खाते.