ड्रॉइंग कुणाच्या हातात जाणार?

भोपाळजवळच्या भोजपूरला 11व्या शतकातलं एक अपुरं राहिलेलं शिवमंदिर आहे. आजूबाजूच्या खडकांवर मंदिराच्या भागांच्या रेषाकृती कोरलेल्या आजही दिसतात. आखणारा आणि घडवणारा एकाच खडकावर उभे असत. शंका आली तर तिथेच विचारायची, तिथेच मोजायचं.

ही जवळीक पुढे तुटत गेली. फ्रान्समध्ये गास्पार मोंज यांनी 1760 च्या दशकात किल्ल्यांच्या बांधणीसाठी आलेखन भूमिती (डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्री) बसवली. वस्तू वरून कशी दिसते, समोरून कशी, ते सपाट कागदावर नेमकं उतरवण्याची ही रीत. लष्कराने ती कितीतरी वर्षं गुपित ठेवली. शिकलेल्या माणसाला या दोन दृश्यांवरून वस्तू डोळ्यांपुढे उभी करता येते. भाग जोडणाऱ्या कारागिरालाही चित्र कळावं, हा त्या रीतीचा हेतूच नव्हता.

तो हेतू पहिल्यांदा स्पष्ट दिसतो केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांच्या कामात. व्याख्यानासाठी ते सुट्या भागांतून यंत्रांच्या प्रतिकृती उभ्या करत, नंतर त्या मोडून त्याच भागांतून दुसऱ्या. जोडणी करायचे त्यांचे मदतनीस. त्यांना कळावं म्हणून फॅरिश यांनी तिन्ही बाजू एकाच चित्रात दाखवणारी आयसोमेट्रिक पद्धत 1822 मध्ये मांडली. आज पाइप फिटरच्या हातात जे 'आयसो' असतं, त्याचं मूळ इथे आहे. मला हा या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रसंग वाटतो.

1842 मध्ये जॉन हर्शेल यांनी उजेडाने निळी छाप उमटवण्याची सायनोटाइप पद्धत शोधली, त्यातून निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांची ब्लूप्रिंट आली आणि प्रती स्वस्त झाल्या. पुढे अमोनिया प्रिंट आली, पांढरट कागदावर गडद रेघा. तिच्यावर मिस्त्रीला पेन्सिलने खूण करता येऊ लागली.

आपल्याकडे सळईकामात एक चांगली गोष्ट घडली. सळया वाकवण्या-बांधण्याविषयीचं आयएस 2502 हे भारतीय मानक 1963 चं. बार बेंडिंग शेड्यूलमध्ये, म्हणजे सळयांच्या तक्त्यात, सळईचा आकार, जाडी, कापायची लांबी आणि नग ओळीने दिलेले असतात. सेक्शन, म्हणजे मधून कापलेलं दृश्य, न उलगडताही कारागीर कामाला लागू शकतो.

प्लंबिंगमध्ये मात्र अडचण जुनीच आहे. बाथरूमच्या ड्रॉइंगवर नळाची उंची 'फिनिश्ड फ्लोअर'पासून, म्हणजे तयार फरशीपासून, दिलेली असते, पण प्लंबर पाइपसाठी भिंतीत खाच पाडतो, म्हणजे झिरी मारतो, तेव्हा तिथे फरशी नसते, टाइल नसते, कधी प्लास्टरही नसतं. मग तो टाइलची जाडी किती, खाली सिमेंटचा मसाला किती, हे अंदाजाने धरतो. वॉल मिक्सरच्या (गरम-गार पाणी मिसळणाऱ्या नळाच्या) दोन पॉइंटमधलं 150 मिमी अंतर तो बरोबर राखतो. चुकतं ते पॉइंट भिंतीत किती आत जायचे ते. उंचीचा अंदाज तरी टळावा म्हणून जाणते सुपरवायझर आधी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) सगळ्या खोल्यांत तयार फरशीच्या पातळीपासून 1 मीटरची रेघ मारून घेतात. ड्रॉइंगमधली उंची त्या रेघेपासून वर-खाली किती, असं लिहिलं तर अर्धी डोकेफोड वाचते.

मापांची भाषाही वेगळीच. 1956 च्या कायद्याने आपण मेट्रिक झालो, तरी साइटवर सूत चालतं: इंचाचा आठवा भाग, साधारण 3 मिमी. 20 मिमीचा पाइप तिथे अजून 'पाऊण इंची'च असतो.

1982 मध्ये ऑटोकॅड हे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर आलं आणि रेघ काढणं सोपं झालं. त्याबरोबर एकाच कागदावर वायरिंग, ड्रेनेज, फॉल्स सीलिंग सगळं भरायचा मोहही आला. स्क्रीनवर मोठं करून पाहणाऱ्याला ते वाचता येतं. पण मोठ्या ए1 कागदासाठी काढलेलं ड्रॉइंग लांबी-रुंदीने निम्म्या ए3 वर छापलं की 2.5 मिमीचं अक्षर सव्वा मिमीचं होतं. सिमेंटने माखलेल्या हातात, एका बल्बच्या उजेडात, तेच वाचून झिरी मारायची असते.