मेंदूतून मेंदूत, मिनिटाला दोन बिट

राजारामपुरीत परवा एक पत्रक हातात पडलं: ‘मुलांचा मिडब्रेन ॲक्टिव्हेट करा, टेलिपथी जागवा!’ फी वाचून डोळे पांढरे झाले. अशा वर्गांत डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवणारी मुलं नाकाशेजारच्या फटीतून बघतात, हे कितीदा उघड झालंय. तरी कोल्हापुरात गिऱ्हाईक मिळतंच. गंमत म्हणजे एका मेंदूतला इशारा दुसऱ्या मेंदूत पोचवण्याचं काम खरोखर झालंय, तेही कुणाचा गंडा न बांधता.

2013 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात राजेश राव यांनी व्हिडिओ गेम बघत उजवा हात हलवल्याची नुसती कल्पना केली. कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला आंद्रेआ स्टोको यांचं बोट आपोआप स्पेसबारवर पडलं. मध्ये होतं इंटरनेट.

राव यांच्याकडचं काम ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या टोपीचं. हालचालीच्या नुसत्या कल्पनेनंही मेंदूतली 8 ते 13 हर्ट्झची एक लय क्षीण होते, ते टोपी टिपते.

खरी मजा स्टोको यांच्या डोक्यापाशी. कवटी न उघडता मेंदूत वीज कशी खेळवायची? बाहेरून थेट सोडली, तर बरीचशी कातडीतच पसरते आणि झोंबते. चुंबकीय क्षेत्राला मात्र हाडाची आडकाठी नाही. म्हणून तांब्याच्या तारेचं वेटोळं डोक्याला टेकवतात आणि कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज त्यात एकदम सोडतात: हजारो अँपिअर, पण मिलिसेकंदाहून कमी वेळ. क्षेत्र एक-दोन टेस्लापर्यंत (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) चढतं, लगेच उतरतं. काम होतं ते या चढउतारामुळे, कारण फॅरेडेनं 1831 मध्ये दाखवल्याप्रमाणे बदलतं क्षेत्रच वाहकात विद्युतप्रवाह निर्माण करतं. इंडक्शन शेगडीवरचं पातेलं याच नियमानं तापतं. इथं पातेल्याच्या जागी मेंदूतला खारट ओलावा. त्या प्रवाहानं चेतापेशींच्या पटलावरचा विभव, म्हणजे आतबाहेरचा विजेचा फरक, बदलतो, सोडियम आयनांच्या वाटा उघडतात, पेशी चेतते, बोट उडतं. उजव्या हाताचा कारभार डाव्या मेंदूकडे, म्हणून वेटोळं डावीकडे. 1985 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी हे तंत्र पहिल्यांदा माणसावर करून दाखवलं.

हेच वेटोळं डोक्याच्या मागच्या बाजूला धरलं, तर डोळे मिटूनही प्रकाश चमकल्यासारखा वाटतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिरुवनंतपुरमहून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ‘ओला’ आणि ‘चाओ’ हे स्पॅनिश आणि इटालियन अभिवादनाचे शब्द असेच गेले: चमकलं तर 1, नाही तर 0. असा एकेक 1 किंवा 0 म्हणजे एक बिट. अक्षराला 5 बिट, वेग मिनिटाला साधारण 2 बिट. रोमन लिपीत ‘कोल्हापूर’ पाठवायचं तर 8 अक्षरं, 40 बिट, 20 मिनिटं. 2019 मध्ये तिघांचे मेंदू जोडून ठोकळे फिरवून बसवण्याचा एक खेळ खेळवला. तिथंही पोचत होतं ते एवढंच: ठोकळा फिरव किंवा फिरवू नको.