स्पिअरगनचं रबर: आधी लांबी, मग जाडी

स्पिअरगनचा, म्हणजे पाण्याखाली मासे मारायच्या बंदुकीचा, भाला लांब जात नाही अशी तक्रार केली की दोन सल्ले हमखास मिळतात. जाड रबर लाव, नाहीतर आहे तेच आखूड काप. रबरात जितका जोर कोंडाल तितका भाला लांब जाईल, अशी समजूत या दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी असते. ती अर्धीच खरी आहे. रबर ताणल्यावर त्याच्या आत काय घडतं ते कळलं, की कुठलं रबर घ्यायचं, किती कापायचं आणि ते कसं चढवायचं, हे तिन्ही प्रश्न बरेच सोपे होतात.

गनची रचना साधी असते. मागे मूठ आणि ट्रिगर, पुढे तोंडाशी एक आरपार भोक. त्या भोकातून लॅटेक्सची जाड भिंतीची नळी ओवलेली असते. नळीची दोन टोकं विशबोनला, म्हणजे दोरीच्या किंवा धातूच्या एका लहान दुव्याला बांधतात. रबर मागे ओढून विशबोन भाल्याच्या खाचेत किंवा भाल्यावरच्या उंचवट्यात अडकवायचा. भाल्याचं शेपूट ट्रिगरने धरून ठेवलेलं असतं.

स्टीलची स्प्रिंग ताणली की अणूंमधले बंध ताणले जातात आणि ऊर्जा त्या बंधांत साठते. रबराचं तसं नाही. नैसर्गिक रबर म्हणजे पॉलिआयसोप्रीनच्या लांबच लांब साखळ्या. उष्णतेमुळे त्या सतत वळवळत असतात. वेटोळ्या अवस्थेत राहण्याचे मार्ग असंख्य, सरळ राहण्याचे मोजके. रबर ओढून आपण साखळ्यांना त्या मोजक्या अवस्थांत ढकलतो आणि हात सैल सोडताच उष्णतेची वळवळ त्यांना पुन्हा गुंत्यात नेते. रबराचा ओढा येतो तो बहुतांशी या एंट्रॉपीतून, म्हणजे गुंत्याकडे परतण्याच्या कलातून.

याचा परिणाम थक्क करणारा आहे. रबर चढवताना तुम्ही केलेलं बहुतेक काम रबरात राहतच नाही. त्याची उष्णता होते आणि ती थोड्याच वेळात पाण्यात निघून जाते. भाला सुटताना लागणारी ऊर्जा रबर स्वतःच्या उष्णतेतून काढतं आणि त्या क्षणी थंड होतं. बालपणीच दृष्टी गेलेले इंग्रज अभ्यासक जॉन गॉफ यांनी १८०५ मध्ये ताणलेलं रबर ओठांना लावून हा तापमानातला फरक टिपला होता. पुढे १८५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी तो काटेकोर मोजला. साध्या रुंद रबरबँडवर तुम्हीही पडताळून पाहू शकता: झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागेल. ताणूनच थोडा वेळ थांबा, मग सैल सोडून लावा, गार लागेल.

यावरून एक गैरसमज लगेच निकालात निघतो. थंड पाण्यात रबर कडक होतं, म्हणून भाला जोरात जातो, असं काहीजण सांगतात. ओढा उष्णतेच्या वळवळीचा असल्यामुळे तो ढोबळमानाने निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असतो. पाणी ३० अंशांवरून १५ अंशांवर आलं, म्हणजे ३०३ केल्विनचं २८८ केल्विन झालं, की ओढा सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतो. चढवणं जड वाटतं ते जाड सूटमुळे आणि बधिर बोटांमुळे.

आता लांबीकडे येऊ. ताणलेली लांबी भागिले मूळ लांबी, या गुणोत्तराला λ (लॅम्डा) म्हणू. आदर्श रबरात ओढा (λ − १/λ²) च्या प्रमाणात वाढतो. रबर जिथपर्यंत ताणायचं ती खाच ठरलेली असते, त्यामुळे λ वाढवायचा तर रबर आखूड कापावं लागतं, म्हणजे रबराचं वस्तुमानही घटतं. दोन्ही बाबी धरून हिशोब केला तर λ ३.५ वरून ४ वर नेल्यावर ओढा सुमारे १५ टक्के आणि ऊर्जा सुमारे २० टक्के वाढते. वेग मात्र ऊर्जेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे जेमतेम १० टक्के. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो.

प्रत्यक्षात तर तेवढंही पदरात पडत नाही. λ ४ च्या आसपास गेला की सरळ झालेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून रबरात बारीक स्फटिक बनू लागतात. शास्त्रज्ञ काट्झ यांनी १९२५ मध्ये क्ष-किरणांनी हे दाखवलं. शेवटचे काही सेंटीमीटर ओढताना रबर अचानक दगडासारखं होतं त्यामागे हे स्फटिक आणि पूर्ण ताणल्या गेलेल्या साखळ्या असतात. परत आखडताना हे स्फटिक बनले होते त्याहून कमी ताणावर वितळतात. म्हणजे जाताना जितकी ऊर्जा घातली तितकी येताना परत मिळत नाही. तुमचे खांदे भरून येतात, रबराचं आयुष्य घटतं आणि भाल्याला मिळतं फारच थोडं. म्हणून नेहमीच्या वापराला λ ३.३ ते ३.६ ठीक. वेष्टनावरचे टक्के वाचताना एक लक्षात ठेवा: ३०० टक्के वाढ म्हणजे मूळ लांबीच्या चौपट, तिप्पट नव्हे. या एका घोळामुळे बरीच रबरं चुकीच्या मापाने कापली जातात.

मापाचं उदाहरण घेऊ. तोंडाच्या भोकापासून खाचेपर्यंत ८४ सेंमी, विशबोन ६ सेंमी. एका बाजूला ताणलेलं रबर ७८, दोन्ही बाजूंचं मिळून १५६. भागिले ३.५ म्हणजे ४४.६ सेंमी. बांधणीसाठी दोन्ही टोकांना २–२ सेंमी सोडा, म्हणजे एकूण ४८.६. हेच λ ४ धरून कापलं असतं तर ४३ आलं असतं. विशबोनच्या दोरीच्या टोकाला असलेला मणी नळीत दीड सेंटीमीटर आत ढकला आणि गाठ मणी व नळीचं तोंड यांच्यामध्ये आवळा, म्हणजे मणी बाहेर निसटणार नाही. गाठीला दीड-दोन मिलिमीटरची डायनिमा (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी घ्या. त्याहून बारीक दोरी रबर कापते. विशबोनही डायनिमाचा असेल तर भाल्यावर धारदार कोरीव खाच नको, गुळगुळीत उंचवटा हवा.

जाडीचा विचार यानंतर. ओढा छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो. आतलं भोक ३ मिमी धरलं तर १४ मिमी (बाहेरचा व्यास) रबराच्या तुलनेत १६ मिमी रबराचं क्षेत्रफळ ३२ टक्के जास्त भरतं आणि २० मिमीचं दुपटीहून थोडं अधिक. म्हणजे एक २० मिमी आणि दोन १४ मिमी जवळजवळ सारखेच. पण दोन बारीक रबरं एकेक करून चढवता येतात आणि दर वेळी निम्माच जोर लागतो. रबराचा रंग लाल आहे, निळा आहे की सोनेरी, यावरून जोर ठरत नाही, जाहिरात काहीही म्हणो.

किती जोर लावायचा याची मर्यादा भालाच ठरवतो. मागून ढकललेली बारीक सळई वाकते आणि तोंडातून सळसळत बाहेर पडते. नेम चुकतो तो यामुळेच. वाकण्याला विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर असतो. ६.५ ऐवजी ७ मिमीचा भाला घेतला तर हा विरोध ३४ टक्क्यांनी वाढतो आणि वजन मात्र १६ टक्केच. ६.५ मिमी भाल्याला १६ मिमीचं एक किंवा १४ मिमीची दोन रबरं पुरतात. १६ मिमीची दोन लावायची असतील तर भाला ७ मिमीचा घ्या.

चढवणं फक्त पाण्यात, कधीही होडीवर किंवा काठावर नाही. गनचं तोंड माणसांपासून दूर, बोट ट्रिगरच्या बाहेर. सेफ्टीवर विसंबू नका. आधी भाला खटका वाजेपर्यंत आत ढकला आणि ओढून खात्री करा. मग भाल्याला बांधलेली दोरी गुंडाळून घ्या. रबर सगळ्यात शेवटी. मुठीची मागची बाजू छातीच्या मधल्या हाडावर टेकवा, बरगडीवर नको. मध्ये जाड पॅड असू द्या. लांब गन असेल तर ती कमरेच्या हाडाजवळ टेकवा. दोन्ही हातांनी गाठीच्या थोडं पुढे रबर धरा, कोपरं अंगाजवळ ठेवा आणि दंडांऐवजी पाठीने ओढा. हात पोचत नसेल तर पुढच्या उंचवट्यावर अडकवा, पकड बदला आणि मगच मागच्यावर न्या. दोन्ही हातांचा ओढा सारखा हवा. एक बाजू जास्त ताणली गेली तर भाला एका अंगाला जातो. विशबोन पूर्ण बसल्याची खात्री केल्याशिवाय हात सोडू नका, आणि चेहरा कधीही रबराच्या रेषेत नको. बुडी मारण्यापूर्वी श्वास पूर्ण शांत होऊ द्या. जड रबर चढवून लगेच खाली जाणं धोक्याचं असतं.

भरलेली गन तासन्‌तास ठेवली की साखळ्या हळूहळू सरकतात आणि ओढा कमी होतो. पाण्याबाहेर येण्याआधी दोन्ही हातांनी रबर थोडं मागे ओढून विशबोन सोडवा आणि सावकाश पुढे न्या.

रबराचा खरा वैरी मीठ नाही, ओझोन आहे. तो साखळ्यांमधले दुहेरी बंध तोडतो आणि ताणलेल्या रबरात त्यातून चिरा पडतात. ताणाला आडव्या बारीक चिरा दिसल्या तर त्या ओझोनच्या. म्हणून गोड्या पाण्याने धुतल्यावर सावलीत वाळवा आणि सैल अवस्थेत अंधारात ठेवा. पेट्रोलियमचं तेल लावू नका, त्याने लॅटेक्स फुगतं. रबर किंचित ताणून भोकाजवळचा वळसा आणि गाठीजवळचा भाग बघा. नखाएवढी चीर असली तरी बदला. दोन रबरं असतील तर जोडी एकदमच बदला. आणि नवीन रबर जुन्याच्या लांबीने कापू नका. वापरलेलं रबर कायमचं थोडं लांबलेलं असतं, त्यामुळे माप पुन्हा भोकापासून खाचेपर्यंतच घ्या.