लेन्समधलं फंगस आणि लेन्समधलं हेझ: एकाचं औषध दुसऱ्याला नको

पावसाळा संपत आला की जुन्या लेन्स विकायला निघतात आणि त्यांच्याखाली ठरलेलं वाक्य असतं, "आत थोडं फंगस किंवा हेझ आहे, फोटोत काही दिसत नाही." अहो, किंवा काय किंवा? एक बुरशी आहे, दुसरा तेलाचा थर आहे. पण विकणाऱ्याला दोन्ही सारखंच आणि घेणाऱ्यालाही टॉर्च मारल्यावर आत काहीतरी पांढुरकं आहे एवढंच कळतं. मग कोणीतरी जाणकार भेटतोच जो सांगतो, दोन दिवस कडक उन्हात ठेव, जाईल. जात नाही. आणि ते हेझ असेल तर उलट वाढतं, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून टाकतोय.

फंगसबद्दल फार बोलत नाही. जून-जुलैत ज्याच्या घरात चपला आणि कमरेचे पट्टे हिरवे होतात त्या मुंबईकराला, कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला बुरशी काय शिकवायची. बीजाणू हवेत सगळीकडे असतातच, आर्द्रता काही दिवस सलग ७० टक्क्यांच्या वर राहिली, आत अंधार असला, हवा खेळती नसली आणि थोडी धूळ, बोटाचं तेल, बॅगेतली कापडाची तुसं असं काही खायला मिळालं की बस. तापमान १० ते ३५ अंशांच्या मधलं चालतं, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर. वाढताना बुरशी आम्ल सोडते, त्याने आधी कोटिंग, म्हणजे काचेवरचा चकाकी कमी करणारा पातळ थर, जातं आणि मग काचेवर कायमचा ठसा उमटतो. हा काही आजचा ताप नाही, दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात ऑस्ट्रेलियन सैन्याच्या दुर्बिणी याच बुरशीने आंधळ्या झाल्या होत्या आणि त्यावर उपाय शोधायला मेलबर्न विद्यापीठातली वनस्पतिशास्त्राची माणसं बसवावी लागली होती. असो.

हेझचं तसं नाही, त्याबद्दल फार कमी लोकांना धड माहिती असते. लेन्सच्या आत फोकस रिंगच्या आट्यांना ग्रीस लावलेलं असतं. वर्षं गेली की ते ग्रीस फुटतं, म्हणजे त्यातलं पातळ तेल वेगळं होतं आणि सरकायला लागतं. काही अ‍ॅपर्चरच्या ब्लेडवर, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर, येऊन बसतं, काहीची अगदी बारीक वाफ होऊन आतल्या काचांवर जमते. गॅसच्या वरच्या भिंतीवर नकळत जसा चिकट थर चढतो तसाच हा प्रकार, फक्त फार पातळ आणि फार हळू. इथे पावसाचा फारसा संबंधच नाही. बिकानेरच्या कोरड्या हवेत आयुष्य काढलेल्या लेन्सलाही हेझ येतं, कारण त्याला ओल लागत नाही, उष्णता लागते. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, टीव्हीच्या वरच्या कप्प्यात वर्षानुवर्षं पडलेली लेन्स म्हणजे हेझचं माहेरघर.

आता मुद्द्याचं. ओळखायचं कसं, कारण ९० टक्के गोंधळ इथेच होतो.

लोक टॉर्च समोरून मारतात आणि समोरूनच बघतात. त्यात कुठलीही लेन्स भयाण दिसते, नवी कोरीसुद्धा, कारण चार धुळीचे कण चांदण्यासारखे चमकतात. तसं करू नका. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा (जुनी निकॉन लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की ब्लेड मिटतात, तर मागची ती छोटी दांडी बोटाने दाबून धरा), मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च थोडा तिरका धरा, समोर काळं कापड किंवा अंधारी भिंत येईल असे बसा आणि समोरून बघत लेन्स हळूहळू फिरवा. मग टॉर्चचा कोन बदला. एका कोनात काहीच दिसत नाही आणि दुसऱ्यात सगळं दिसतं, त्यामुळे घाई नको. दुकानात उभ्या उभ्या हे होत नाही आणि मुंबईच्या फोर्टातल्या गल्लीत दुपारी बारा वाजता तर अजिबातच नाही. दुकानदाराला सांगून आत सावलीत या.

आता दिसतंय ते काय आहे? फंगसला आकार असतो. फांद्या फुटलेले बारीक तंतू, एखाद्या बिंदूपासून निघालेले, बहुतेक वेळा काचेच्या कडेकडून मध्याकडे येणारे, नाहीतर एखाद्या धुळीच्या कणाभोवती. हेझला आकार नसतो. अख्ख्या काचेवर एकसारखा दुधाळ पडदा असतो, कडेपासून कडेपर्यंत, आणि तो बहुतेक अ‍ॅपर्चरच्या लगतच्या दोन काचांवर असतो, ब्लेडच्या पुढे एक आणि मागे एक. तेल तिथेच तर आहे ना. म्हणून मी पहिल्यांदा काच बघतच नाही, ब्लेड बघतो. ब्लेडवर ओलसर चमकणारे डाग असले, अ‍ॅपर्चर बंद होताना आळसटपणे सरकत असलं, तर आतला पांढरेपणा हेझच असण्याची शक्यता जास्त. ५५ एमएम एफ २.८ ची निकॉनची जुनी मायक्रो निक्कोर लेन्स यासाठी कुप्रसिद्धच आहे, काच स्वच्छ असूनही ब्लेड चिकटलेले असे नग हमखास हाताशी येतात.

इथपर्यंत सोपं आहे. फसवणारी जागा पुढे आहे. कोवळी बुरशी एकसारखी पसरलेली असली की नुसत्या डोळ्याला हेझच वाटते. तंतू इतके बारीक आणि दाट असतात की सगळं मिळून धुरकट दिसतं, आणि इथे चांगली चांगली माणसं "हेझ आहे, पुसलं की जाईल" म्हणून मोकळी होतात. यावर उपाय फुकटचा आहे. कुठलीही ५० एमएमची लेन्स उलटी धरा, तिचा पुढचा भाग डोळ्याकडे आणि मागचा भाग संशयित लेन्सकडे, बऱ्यापैकी भिंग तयार होतं. काच आणि भिंग यांतलं अंतर मागेपुढे करत त्या पांढऱ्या थरावर फोकस आणा. कितीही मोठं केलं तरी नुसता धूसरपणा, किंवा फार तर बारीक बारीक थेंबांची गर्दी दिसली, तर हेझ. एका कोपऱ्यात का होईना दोन धागे एकमेकांना छेदताना दिसले, एखाद्या ठिपक्याला लव दिसली, तर फंगस, मग बाकीची काच कितीही एकसारखी दिसो. थेंबांना फांद्या नसतात. आणि दोन्ही एकत्रही असू शकतं, तेलाचा थर हे बुरशीचं जेवणच आहे, त्यामुळे एक सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबू नका.

आणखी एक, लेन्सबरोबर आलेल्या केसचा वास घ्या. ओल्या पोत्याचा वास आला तर भिंग न लावताही अर्धं उत्तर मिळालं.

एवढी उठाठेव कशासाठी, तर फोटोत दोघांचं नुकसान अगदी वेगळं आहे आणि लोकांच्या मनात ते बरोबर उलटं बसलंय. फंगस म्हटलं की माणूस लेन्स हातातून टाकतो आणि "थोडं हेझ" म्हटलं की पाकीट काढतो. कडेला नखाएवढी बुरशी असेल तर साध्या उजेडातल्या फोटोत तुम्हाला ती सापडणारही नाही, सूर्य समोर आला की तेवढं फ्लेअर (फोटोत पसरणारी नको ती चमक) वाढेल. हेझ मात्र अख्ख्या चौकटीत प्रकाश सांडतं, काळं काळं राहत नाही, राखाडी होतं, आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला सगळ्या फोटोवर एक पडदा येतो. तपासायला खिडकीचा काळा गज ढगाळ आकाशासमोर धरून फोटो काढा. गज राखाडी आला आणि त्याच्या कडेने उजेड गजावर चढलेला दिसला की समजा. काही लोकांना हा लूक आवडतो, विंटेज ग्लो वगैरे म्हणतात. मला नाही आवडत. मळलेल्या काचेला ग्लो म्हणून जास्त पैसे द्यायची मला तरी हौस नाही.

आता उन्हाचं. ऊन कोरडं करतं आणि अतिनील किरणं बुरशी मारतात, दोन्ही खरं, पण ती किरणं आतल्या काचेपर्यंत पोचायला हवीत ना. साधी ऑप्टिकल काच, काचा चिकटवलेला थर, कोटिंग हे सगळं मिळून मारक असा अतिनील भाग वरच्यावर गिळून टाकतं. चौथ्या-पाचव्या काचेवरच्या बुरशीपर्यंत पोचते ती नुसती उष्णता. आणि समजा बुरशी मेली, तरी मेलेले तंतू आणि आम्लाचा ठसा जागेवरच राहतो, काच काही आपोआप स्वच्छ होत नाही. दरम्यान ग्रीस मात्र गच्चीवर मजेत पातळ होतंय. म्हणजे फंगस घालवायला गेलात आणि हेझ पेरून आलात. हेअर ड्रायर मारणाऱ्यांनाही हेच लागू. शिवाय लेन्स म्हणजे शेवटी भिंगच, उन्हात कॅप न लावता ठेवलेल्या लेन्सने कापड जळू शकतं.

ऊन खरंच चालतं ते तिसऱ्याच गोष्टीवर. सुपर टाकुमार ५० एमएम एफ १.४ सारख्या काही जुन्या लेन्सच्या काचेत थोरियम हा किरणोत्सारी धातू आहे, ती काच काळाने चहाच्या रंगाची पिवळी पडते आणि अतिनील प्रकाशात ठेवली की तो पिवळेपणा उतरतो. तो सल्ला तिथला आहे. कोणीतरी तो उचलून फंगसला लावला आणि मग सगळेच गच्चीवर.

साफ करायचं तर दोन्हीसाठी लेन्स उघडावीच लागते, बाहेरून फवारून काही होत नाही. हेझ साधारण आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा लायटरच्या पेट्रोलने निघतं, कारण तेल विरघळतं. पण ते स्रोतासकट काढा, ब्लेड आणि आट्यांवरचं जुनं ग्रीस तसंच ठेवलं तर थर परत येणार. फंगसला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं, मेडिकलमध्ये मिळतं ते, आधी मारायचं आणि मग पुसायचं, नाहीतर फडक्याने बीजाणू दुसऱ्या काचेवर नेऊन ठेवता. पुसल्यावरही तंतूंचा नकाशा तसाच दिसत असेल तर कोटिंग गेलं, आता घासू नका. हेझही दरवेळी गरीब नसतं. कॅननच्या जुन्या स्क्रू माउंटच्या ५० एमएम एफ १.८ मध्ये अ‍ॅपर्चरमागच्या काचेवरचा थर वेळेत काढला नाही तर काचच खराब होते, मग अल्कोहोलची बाटली संपवली तरी पांढरेपणा हलत नाही. ऑटोफोकसच्या आणि झूमच्या लेन्स घरी उघडू नका, रिबन केबल तुटली की लेन्सपेक्षा दुरुस्ती महाग.

बाकीच्या किरकोळ गोष्टी. एसीतून बाहेर काढल्यावर येणारं धुकं पंधरा-वीस मिनिटांत आपोआप जातं, ते हेझ नाही, पुसत बसू नका. कडेला इंद्रधनुषी रंगांचा पट्टा दिसला तर चिकटवलेल्या काचा सुटल्यात, त्याला वेगळं नाव आणि वेगळा खर्च. धूळ म्हणजे धूळ, तिच्याकडे दुर्लक्ष करा.

ठेवायचं कसं यावरही दोन्हींचा विचार एकत्र करायला हवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के, आणि जागा थंड. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्या, परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र. हायग्रोमीटर नसलेला डबा म्हणजे नुसती श्रद्धा. सिलिका जेल बुरशी मारत नाही, फक्त वाढू देत नाही, आणि रंग बदलल्यावर तापवून परत वापरायचं असतं, बॅग घेतली तेव्हा आलेली पुडी तीन पावसाळे पुरत नाही. निळं जेल असेल तर ते स्वयंपाकाच्या कढईत भाजू नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, नारिंगी बरं. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवणाऱ्यांना हात जोडून नमस्कार, तांदळाची भुकटी म्हणजे बुरशीला घरपोच डबा. कपाटात कपड्यांजवळ डांबराच्या गोळ्या किंवा कापूर असेल तर लेन्स तिथे नकोच, निकॉन स्वतःच्या मॅन्युअलमध्ये हे नको म्हणून सांगते. आणि ती चामड्याची सुंदर केस शोकेसमध्ये ठेवा, लेन्स बाहेर काढून. आंबोलीला पावसात बेडकांचे फोटो काढून आलात तर बॅग तशीच बंद करून झोपू नका, सगळं बाहेर काढून रात्रभर पंख्याखाली ठेवा. पंख्याखाली, हीटरजवळ नाही.

भाव करताना माझा हिशोब असा. कडेला थोडं ताजं फंगस, उघडायला सोपी जुनी मॅन्युअल लेन्स, भाव निम्मा, तर घेतो. मध्यभागी ठसा पडलेलं फंगस, नाही. हेझ असेल तर गजाचा फोटो काढून बघितल्याशिवाय नाही, आणि विकणाऱ्याने "उन्हात ठेवली होती, आता बरंच कमी झालंय" असं म्हटलं तर नमस्कार करून पुढच्या दुकानात.