तापलेली नळी आणि शिकारी रायफलीचा नेम

नॉर्वेमध्ये मूस, रेनडिअर किंवा तांबड्या हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या प्रत्येकाला दर वर्षी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. १०० मीटरवरील प्राण्याच्या आकृतीवर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही ३० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात बसवायच्या, अशी ही परीक्षा असून त्याआधी ३० गोळ्यांचा सराव सक्तीचा आहे. हा सराव एका बैठकीत उरकू पाहणाऱ्याच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि पुढच्या मात्र पुष्कळदा एकाच दिशेने सरकत जातात. हात तोच, दुर्बीण तीच, काडतुसेही एकाच पेटीतील. बदललेले असते ते नळीचे तापमान.

ही उष्णता किती असते, याचा ढोबळ हिशेब करता येतो. अमेरिकी सैन्याने १९०६ मध्ये स्वीकारलेले आणि आजही शिकाऱ्यांच्या पसंतीचे असलेले थर्टी-ऑट-सिक्स काडतूस घेऊ. त्यात साधारण साडेतीन ग्रॅम दारू असते आणि ती जळताना सुमारे १३ किलोज्यूल ऊर्जा सुटते. त्यातील जेमतेम ३० टक्के गोळीच्या वेगात जाते, जवळपास तेवढीच नळीच्या पोलादात मुरते आणि उरलेली गरम वायूंबरोबर तोंडातून बाहेर पडते. सव्वा किलोच्या आसपास वजन असलेली नळी त्यामुळे दर गोळीमागे सहा अंशांनी तापते. दहा गोळ्या लागोपाठ झाडल्या की तिला उघडा हात लावणे नकोसे होते. तापायला क्षण पुरतो, पण निवायला फार वेळ लागतो: वारा नसेल तर वाढलेले तापमान निम्म्यावर यायलाच १५ ते २० मिनिटे जातात.

आता ६१ सेंटिमीटर लांबीची नळी ६० अंशांनी तापली, तर तिची लांबी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी वाढते आणि आतील छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतका रुंदावतो. नळी सगळीकडून सारखी तापली आणि आतून निर्दोष असली, तर ती सरळच राहील आणि नेमात फारसा फरक पडणार नाही. खरी अडचण असमान तापण्यात आहे, आणि ती किती अल्प फरकाने उभी राहते हे पाहिले की थक्क व्हायला होते. सरासरी २० मिलिमीटर जाडीच्या नळीची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा केवळ एका अंशाने गार असली, तर वरची बाजू किंचित आखूड राहते, नळी बाक धरते आणि तिचे तोंड वर वळते. डोळ्यांना हा बाक दिसणे शक्य नाही. तरीही १०० मीटरवर गोळी साडेतीन सेंटिमीटर वर लागते. असा फरक पडायला पावसाची एखादी सर किंवा नळी आणि तिच्याखालचा लाकडी दस्ता यांच्यात कोंडलेली उष्णता पुरेशी असते. रणगाड्याच्या तोफेला हाच धोका मोठ्या प्रमाणावर असतो. म्हणूनच अर्जुन रणगाड्याच्या, पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने विकसित केलेल्या तोफेवर उष्णतारोधक आवरण चढवलेले असते.

पोलाद उष्णतेचा चांगला वाहक असल्यामुळे बाजू-बाजूंतील फरक लवकर मिटत जातो. तरीही नळी सरकतच राहिली, तर दोष बहुधा तिच्या घडणीत असतो. सळईला आरपार भोक पाडताना, आतील चर उमटवताना किंवा वाकलेली नळी दाबून सरळ करताना पोलादात ताण कोंडले जातात. नळी गार असेपर्यंत ते एकमेकांना तोलून धरतात. ती तापली की तोल ढळतो आणि नळी आपल्या मूळ वळणाकडे झुकते. चांगले कारखाने नळी भट्टीत तापवून आणि सावकाश निववून हे ताण आधीच सैल करतात. माझ्या मते चांगल्या आणि सुमार नळीतील सर्वांत मोठा फरक याच एका कामात आहे, आणि तो बाहेरून अजिबात दिसत नाही.

दस्त्याचाही यात वाटा असतो. दस्त्याचे पुढचे टोक नळीला कुठे टेकत असेल, तर तापलेली नळी तिथे वेगळ्या जोराने दाबली जाते आणि गोळी सुटताना होणारे तिचे कंपन बदलते. म्हणून नळी आणि दस्ता यांच्यात कागदाची पट्टी सहज सरकेल इतकी फट ठेवतात. शिवाय तापलेल्या नळीवरून उठणारी गरम हवा दुर्बिणीसमोर लहरू लागते आणि लक्ष्यच जागचे हलल्यासारखे दिसते. गरम चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) मिनिटभर राहिलेल्या काडतुसातील दारूही तापते, तिचा दाब वाढतो आणि गोळी थोडी अधिक वेगाने सुटते.

जाड नळी हा यावरचा प्रसिद्ध उपाय आहे. व्यास दहा टक्क्यांनी वाढला की ताठपणा जवळपास दीडपट होतो, आणि पोलाद जास्त असल्याने तापमानही सावकाश चढते. पण दिवसभर डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्याला ते वजन झेपत नाही, म्हणून शिकारी रायफलीची नळी मुद्दाम बारीक ठेवलेली असते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तिथे हा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. त्या छोट्या काडतुसातील दारू ग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास असते आणि नळी भरभक्कम.

शिकारीत महत्त्वाची असते ती पहिली गोळी, आणि ती नेहमी गार नळीतून सुटते. ती चुकली तर प्राणी जखमी होऊन तासन्‌तास तडफडतो. त्यामुळे तापलेल्या नळीवर दुर्बीण जुळवणे ही गंभीर चूक ठरते. तीन गोळ्या झाडून रायफल सावलीत, बोल्ट (चेंबर बंद करणारा दांडा) उघडा ठेवून अर्धा तास निवू द्यावी. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे एकच कागद जपून ठेवावा, निरनिराळ्या दिवशी त्यावर गार नळीतून एकेक गोळी झाडावी आणि त्या साऱ्या छिद्रांच्या मध्यावर दुर्बीण जुळवावी.