मुखपृष्ठाचा नको, बारकोडचा फोटो पाठवा
(सुपरहिरो कॉमिक्स मागवणाऱ्या ग्राहकांसाठी)

दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज एक तरी निरोप असा येतो: बॅटमॅनचं मुखपृष्ठ आणि खाली "आहे का?" आम्ही उलट "कोणतं?" विचारलं की समोरच्याला वाटतं, यांना धंदाच करायचा नाही. करायचाय हो! पण तेच चित्र सुट्या अंकावर असतं, त्या कथेच्या पेपरबॅकवर असतं आणि जाडजूड हार्डकव्हरवरही असतं. किमती मात्र तिन्हींच्या तीन तऱ्हा.

सध्या सगळ्यात जास्त घोळ 'अ‍ॅब्सोल्यूट' या एका शब्दाने घातलाय. डीसी कंपनी आपल्या गाजलेल्या कथा मोठ्या आकारात, खोक्यात घालून 'अ‍ॅब्सोल्यूट एडिशन' म्हणून बरीच वर्षं काढतेय. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कंपनीने 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' ही नवीकोरी मालिका सुरू केली. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटाची. यातल्या ब्रूस वेनकडे (म्हणजे बॅटमॅनकडे) ना वाडा, ना पैसा. तो इंजिनिअर आहे. मालिका झकास आहे, पण रक्तपात भरपूर, दहा वर्षांच्या मुलाला वाढदिवसाला देऊ नका. या दोन 'अ‍ॅब्सोल्यूट'चा एकमेकांशी काही संबंध नाही. एका ग्राहकांनी नवी मालिका समजून जुन्या कथेची खोक्यातली आवृत्ती मागवली. महिना त्यांचाही गेला, आमचाही.

मार्व्हलचं 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' तसंच. २००० सालचं घेतलंत तर पीटर (म्हणजे स्पायडर-मॅन) शाळकरी. जानेवारी २०२४ पासूनचं, जोनाथन हिकमनने लिहिलेलं घेतलंत तर पीटरला बायको आणि दोन मुलं. पहिलं मुलांना द्या, दुसरं स्वतःला ठेवा.

"मग अंक १ द्या, सुरुवातीपासून वाचतो," असंही म्हणतात. 'अमेझिंग स्पायडर-मॅन' ही मालिका अधूनमधून पुन्हा १ पासून सुरू होते, म्हणून तिचा अंक १ आजवर सात वेळा निघालाय: १९६३, १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५. कोणता देऊ?

म्हणून आकडा मागतो. पुस्तक असेल तर बारकोडपाशी ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक असतो. पुस्तक हातात नसेल तर ऑनलाइन माहितीत तो दिलेला असतो, तोच पाठवा. सुट्या अंकाला सहसा आयएसबीएन नसतो; त्याच्या बारकोडला लागून पाच आकड्यांची छोटी पट्टी असते. पहिले तीन आकडे म्हणजे अंक, चौथा म्हणजे कोणतं मुखपृष्ठ (एकाच अंकाची अनेक असू शकतात), पाचवा म्हणजे कितवी छपाई. ०१४२१ दिसलं तर चौदावा अंक, दुसरं मुखपृष्ठ, पहिली छपाई. बारकोड कधी पुढे असतो, कधी मागे, शोधा, सापडतो.

जुन्या अंकांबद्दल थोडं. 'फॅक्सिमिली एडिशन' म्हणजे जुना अंक जसाच्या तसा, जुन्या जाहिरातींसकट पुन्हा छापलेला. स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो ऑगस्ट १९६२ चा 'अमेझिंग फँटसी' १५ असा मिळतो, आणि त्यावर १२ सेंट ही त्या वेळची किंमतही असते. तेवढी बघून लोक आमच्याकडे "किती येतील याचे?" विचारायला येतात. सुपरमॅन पहिल्यांदा आला त्या १९३८ च्या मूळ 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' १ ची एक प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली, हे खरं. पण आजचा बारकोड आणि बारीक अक्षरात 'फॅक्सिमिली' असेल तर तो अंक वाचायचा आहे, तिजोरीत ठेवायचा नाही. वाचायला मात्र मजा येते, त्या जाहिरातींसाठी तरी घ्याच.

स्वस्तात सुरुवात करायची असेल तर डीसीच्या 'कॉम्पॅक्ट' आवृत्त्या बघा. २०२४ पासून निघताहेत, लहान आकार, पिशवीत मावतात. आमची शिफारस 'ऑल-स्टार सुपरमॅन': बारा अंकांत संपणारी कथा, आधीचं काही वाचलेलं नसलं तरी चालतं. मार्व्हलच्या जुन्या कथांसाठी 'एपिक कलेक्शन' घ्या, पण त्याचे खंड क्रमाने निघत नाहीत. पाचवा आधी, दुसरा नंतर असं चालतं. "मधलाच खंड कसा नाही तुमच्याकडे?" याचं उत्तर बरेचदा एवढंच असतं की तो अजून छापलाच नाही, किंवा छापून संपलाय.

वेताळ (फँटम) विचारणाऱ्या काका-मावशींसाठी: त्याच्या गोष्टी छापणारं इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं. ते मराठी अंक आमच्याकडे विकायला नाहीत. तुमच्या माळ्यावर असतील तर रद्दीत घालण्याआधी एकदा आम्हाला दाखवायला आणा.

आता अ‍ॅडव्हान्सचं. दुकानात लावलेलं पुस्तक चाळा, नाही आवडलं तर ठेवून जा, कोणी काही म्हणणार नाही. बाहेरून मागवायच्या पुस्तकाला मात्र निम्मे पैसे आधी घेतो आणि आलेलं पुस्तक परत घेत नाही, कारण पुढे आमच्याकडूनही ते कोणी परत घेत नाही. त्या बदल्यात ऑर्डर देण्याआधी आयएसबीएन, आवृत्ती आणि आत कोणते अंक आहेत हे आम्ही तुम्हाला लिहून पाठवतो. ते वाचून "हो" लिहा. नुसता अंगठा पाठवू नका. मागे एकदा त्या अंगठ्याचा अर्थ "बघतो" असा निघाला होता.